एक जूनची माणसं

‘टाक, एक जून टाक,’ विमलताई म्हणाल्या.

मी जन्मतारखेच्या चौकटीत एक जून एकोणीसशे अठ्ठावन्न टाकलं.

‘आता नाव. जिजाबाई पांडुरंग बागूल. गाव आमचंच टाक.’

‘टाकलं.’

‘कर सेव्ह. आता दुसरी बाई घे. नाव तेच, गाव तेच, तारीख पण तीच.’

‘ताई, मग ती तीच बाई झाली की.’

‘तीच कशी होईल? पहिली वरच्या आळीची जिजाबाई, ही खालच्या आळीची. दोघींच्या मालकांचं नाव पांडुरंग. आणि दोघींना शाळेत घातलं एकाच गुरुजींनी.’

मला हसू आलं. ‘आणि दोघी जन्मल्याही एकाच दिवशी?’

‘कधी जन्मल्या ते त्यांच्या आयांना तरी कुठं माहीत होतं? विचारलं तर सांगायच्या, भात लावणीच्या आधी. मंग गुरुजी कशाला डोकं खाजवतील? शाळा जूनमध्ये उघडते, टाकला एक जून. आमचं निम्मं गाव एक जूनचं आहे. मी सुद्धा.’

एक जूनची गोष्ट मी ऐकलेली होती, पण विनोद म्हणून. आपल्या कामाशी तिचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी दुसऱ्या जिजाबाईची माहिती भरली आणि बटण दाबलं. पडद्यावर पहिल्या जिजाबाईचा केसपेपर उघडला. ही तीच का, दुसरी कुणी आहे का, काही म्हणजे काही न विचारता.

‘बघ,’ विमलताई म्हणाल्या. ‘गेली ना एक बाई.’

नऊ वर्षं झाली या गोष्टीला. नाशिकला, तिसऱ्या मजल्यावरच्या एका कंपनीत मी नुकती लागले होते. कंपनी रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. माझं वय चोवीस, इंजिनीअरिंग चांगल्या मार्कांनी झालेलं, आणि पहिले सहा महिने कच्ची नोकरी. सहा महिन्यांनी कायम करायचं की नारळ द्यायचा, हे पराग सर ठरवणार होते. पराग नेवासकर आमचे प्रमुख. माणूस हुशार, गोड बोलणारा, आणि आपल्या हुशारीवर स्वतःच खूश असणारा.

तेव्हा आमच्याकडे कंपोनंटचं नवं खूळ शिरलं होतं. प्रत्येक रुग्णालयासाठी वेगळी पानं बांधत बसायचं नाही. नावाची चौकट, तारखेची चौकट, गावांची यादी, जुना रुग्ण शोधायची खिडकी, असे तुकडे एकदाच बांधायचे आणि सगळीकडे तेच जोडायचे. एकाच वाटणात पाच भाज्या. सोय मोठीच, पण वाटण आंबलं की पाचही भाज्या गेल्या. म्हणून प्रत्येक तुकड्यासाठी टेस्ट लिहायच्या ठरल्या होत्या. टेस्ट म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम. तो माणसासारखा चौकटीत नाव टाकतो, बटण दाबतो आणि समोर यायला हवं ते आलं का ते बघतो. आलं तर हिरवी खूण, नाही आलं तर लाल. कुणी कुठं काही बदललं की सगळ्या टेस्ट आपोआप पळायच्या आणि चार मिनिटांत निकाल हातात.

तोवर हे सगळं काम एकट्या विमलताई करायच्या, हातानं. विमल गांगुर्डे, वय पंचेचाळीस, शिक्षण बी.कॉम. कंपनीत यायच्या आधी चौदा वर्षं त्या कळवणकडच्या एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसल्या होत्या. कुठली बाई नवऱ्याचं नाव सांगत नाही, कुठला म्हातारा दर वेळी वय साठच सांगतो, कोण आडनाव आधी सांगतं आणि कोण सांगतच नाही, हे सगळं त्यांना तोंडपाठ. नवं पान आलं की त्या आपल्या त्या सगळ्या माणसांना घेऊन त्याच्यासमोर बसायच्या आणि पान कुठं अडतं ते शोधून काढायच्या.

मला त्यांच्या शेजारी बसवलं होतं. त्या सांगायच्या, मी टेस्ट लिहायची. पराग सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, ‘टेस्ट लिहून झाल्या की गांगुर्डे मॅडमही ऑटोमेशनच्या टीममध्ये. मृणाल, तू त्यांना शिकव.’ विमलताईंनी ते इतकं मनावर घेतलं की डब्याच्या सुट्टीतसुद्धा त्या मला विचारत राहायच्या. नवरा अंबडच्या कारखान्यातून कमी झालेला, सासू अंथरुणावर, मुलगी बारावीला. ही नोकरी टिकायला हवी तर हे नवं शिकायला हवं, इतका साधा हिशेब होता त्यांचा.

प्रोग्रॅम लिहिणं त्यांना जमलं नाही. निकाल वाचणं मात्र त्या एका आठवड्यात शिकल्या.

‘हिरवं म्हणजे पास, लाल म्हणजे नापास,’ मी सांगितलं. ‘आणि हे पिवळं म्हणजे वगळलेली. काही कारणानं आपण ती चालवलीच नाही.’

‘म्हणजे परीक्षेलाच बसली नाही.’

‘हां, तसंच. टेस्टच्या नावाआधी एक शब्द लिहिला की ती वगळली जाते. पिवळी ओळ दिसली की खाली जाऊन बघायचं, कुठली टेस्ट आणि कुणी वगळली. नाव असतं तिथं.’

त्यांनी ते डायरीत लिहून घेतलं, अगदी शाळेतल्यासारखं.

मी तेव्हा स्वतःवर फार खूश होते. टेस्टमध्ये घालायला माणसं लागतात, म्हणून मी एक यंत्रच केलं होतं. बटण दाबलं की शंभर नावं, शंभर गावं आणि शंभर जन्मतारखा तयार. विमलताईंनी ती यादी चष्मा वर सरकवून नीट वाचली.

‘तुझी माणसं सगळी दवाखान्यात जन्मलेली आहेत,’ त्या म्हणाल्या. ‘कुणाची तारीख कुणाला लागत नाही. आमच्याकडं असं नसतं, बाई.’

आणि मग त्यांनी एक जून टाकायला लावला.

ती टेस्ट मी त्याच दुपारी लिहिली. सारख्या नावाची, सारख्या गावाची, सारख्या तारखेची दोन माणसं आली तर रुग्ण शोधायच्या खिडकीनं थांबून विचारलं पाहिजे, एवढीच अपेक्षा. टेस्ट लाल आली. यायलाच हवी होती. दोनशे बारा हिरव्या आणि एक लाल.

अडचण अशी की ती खिडकी पराग सरांनी स्वतः लिहिली होती.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी निकाल पाहिला आणि खुर्चीत मागे रेलून हसले.

‘नाव सारखं, नवऱ्याचं नाव सारखं, आडनाव सारखं, गाव सारखं आणि वर जन्मतारीख सारखी? मृणाल, तू गणित शिकली आहेस ना? लाखात एक तरी होईल का असं?’

‘विमलताई म्हणतात, एका गावात तीन-तीन असतात.’

‘विमलताईंचं काय ऐकतेस. त्यांना प्रत्येक ठिकाणी त्यांचं गाव दिसतं.’ त्यांनी दरवाजाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. ‘शुक्रवारी डॉक्टर लोहाडे येताहेत. त्यांच्या संस्थेची नऊ रुग्णालयं आहेत. त्यांना मी पडदाभर हिरवं दाखवणार आहे. ही एक टेस्ट सध्या वगळ. नंतर बघू.’

‘नंतर म्हणजे कधी, सर?’

‘डेमो झाला की. मी बघतो ना.’ मग थोडं थांबून ते म्हणाले, ‘आणि एक, आपल्यातच ठेव. शुक्रवारी सगळं नीट झालं तर हातानं तपासायला वेगळं माणूस ठेवायची गरज राहणार नाही. संचालकांचं तसं ठरलंय. डॉक्टर काही म्हणाले, आम्हाला माणूसही हवं, तर गोष्ट वेगळी. तुझं मात्र पक्कं समज. शनिवारी तुझं पत्र काढतो.’

‘पण सर, त्यांना ऑटोमेशनमध्ये घेणार होतात.’

‘अगं, त्यांना प्रोग्रॅम कुठं लिहिता येतो?’ ते अगदी कळवळ्यानं म्हणाले.

मी जागेवर येऊन बसले. शेजारी विमलताई माझ्यासाठी वहीच्या कागदावर आणखी माणसं लिहून ठेवत होत्या. जुळी मुलं, नाव न ठेवलेलं बाळ, दुसरं लग्न झालेली बाई. मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांच्याच डोक्यातलं काढून मी यंत्रात भरत होते, आणि यंत्र भरलं की कंपनी त्यांना घरी पाठवणार होती. गरज सरो, वैद्य मरो. आणि हे मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं.

मी त्यांना सांगायला हवं होतं. त्याच दिवशी, जिन्यात, डब्याच्या वेळी, कधीही. मी सांगितलं नाही. पत्र शनिवारी निघणार होतं.

गुरुवारी संध्याकाळी त्या घरी गेल्यावर मी टेस्टच्या नावाआधी तो एक शब्द लिहिला. चार अक्षरं. सगळ्या टेस्ट पुन्हा चालवल्या. दोनशे बारा हिरव्या, लाल एकही नाही. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत पिवळी ओळ होती, एक वगळली. मी मनाला समजावलं की खोटं तर काही लिहिलेलं नाही. ओळ आहे, ज्याला बघायची त्यानं बघावी.

शुक्रवारी अकरा वाजता डॉक्टर लोहाडे आले. साठीचा, शांत, मितभाषी माणूस. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर पराग सरांनी टेस्ट चालवून दाखवल्या. हिरव्या खुणा भराभर खाली उतरत गेल्या आणि शेवटी पूर्ण पडद्यावर हिरवा पट्टा आला. डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

‘म्हणजे हे सगळं आता आपोआप तपासलं जातं?’

‘दर बदलाला, सर. चार मिनिटांत. माणूस थकतो, विसरतो. हे विसरत नाही.’

टेबलाच्या टोकाला विमलताई बसल्या होत्या, डायरी मांडीवर घेऊन. डॉक्टरांचं लक्ष त्यांच्याकडे गेलं.

‘तुम्ही केसपेपरवर होतात ना, मॅडम? मला सांगितलं यांनी. मग तुम्हीच सांगा. सोमवारपासून आमच्या नऊ ठिकाणी चालू करू का?’

विमलताई उभ्या राहिल्या. मिटिंगमध्ये उभं राहायची गरज नसते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

‘बाकी सगळं चांगलं झालंय, डॉक्टर. तारखेची चौकट चांगली आहे, गावांची यादी तर फारच छान. फक्त जुना रुग्ण शोधायची खिडकी अजून तयार नाही. एका नावाची दोन माणसं असली तर ती एकाचा पेपर दुसऱ्याला लावते.’

पराग सरांचा चेहरा जरासाही बदलला नाही. ते हसतमुखानं माझ्याकडे वळले.

‘मृणाल, टेस्ट तू लिहिल्यास. त्या खिडकीची एखादी टेस्ट फेल आहे का?’

प्रश्न किती नेमका होता बघा. फेल आहे का. आजही मला त्या माणसाच्या हुशारीचं कौतुक वाटतं, विंचवाच्या नांगीचं वाटावं तसं.

सगळे माझ्याकडे बघत होते. विमलताईही. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काळजीही नव्हती. उलट, ओळखीचं माणूस भेटल्यावर चेहरा मोकळा होतो तसा झाला होता.

‘नाही, सर,’ मी म्हणाले. ‘फेल एकही नाही.’

विमलताईंनी पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग परत पडद्याकडे, अगदी खालच्या कोपऱ्यात. मग त्या खाली बसल्या आणि डायरी मिटली.

‘गांगुर्डे मॅडम जुन्या पद्धतीनं काम करतात ना,’ पराग सर डॉक्टरांना म्हणाले. ‘त्यांना जरा भीती वाटते, दुसरं काही नाही.’

डॉक्टर मान हलवून हसले. ‘चालायचंच. आमच्या जुन्या नर्सही अशाच असतात.’

मला वाटलं, विमलताईंना पिवळी ओळ कळली नाही. इतक्या लांबून, इतकी बारीक, कशी कळेल? मी सुटकेचा श्वास सोडला. लाज वाटते सांगायला, पण सोडला.

शनिवारी मला पत्र मिळालं. सोमवारी विमलताईंना. त्यांच्यावर ठपका असा की ग्राहकासमोर कंपनीला तोंडघशी पाडलं, आणि शिवाय आता त्या पदाची गरज उरलेली नाही. एक महिन्याची नोटीस. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा सरांच्या दृष्टीनं, कारण डॉक्टरांनी माणूसही हवं असं काही म्हटलं नव्हतं. का म्हणतील? त्यांना सांगितलेलं होतं की मशीन विसरत नाही.

तो महिना विमलताई रोज वेळेवर आल्या. मला दुसऱ्या रांगेत जागा दिली होती, म्हणजे मीच मागून घेतली होती. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पेढे दिले. माझ्या टेबलापाशी आल्या तेव्हा मी कानाला फोन लावून बसले होते. फोनवर कुणीही नव्हतं. त्यांनी पेढा कागदावर ठेवला आणि गेल्या.

टेस्ट वगळलेलीच राहिली. सर ‘नंतर बघू’ म्हणाले होते, आणि नंतरचं कुणालाच पडलेलं नव्हतं. मी दोनदा विषय काढला. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, ‘चार महिने झाले, कुठून तक्रार आली?’ आणि खरंच आली नव्हती. मीसुद्धा हळूहळू मानायला लागले की लाखात एक गोष्ट आहे, विमलताईंना आपलं उगाच वाटत होतं. स्वतःला पटवणं फार सोपं असतं. समोर उलट बोलणारं कुणी नसतं.

पाचव्या महिन्यात मेल आला. नऊपैकी एका रुग्णालयात एक बाई पायाची जखम घेऊन आली. खिडकीवरच्या मुलीनं नाव, गाव, तारीख टाकली, आणि आमच्या खिडकीनं त्याच नावाच्या दुसऱ्या बाईचा पेपर उघडून दिला. त्यात लिहिलं होतं, कुठल्याही औषधाची ॲलर्जी नाही. हिला होती. तिच्या खऱ्या, जुन्या कागदी पेपरवर लाल शाईनं लिहिलेली होती. इंजेक्शन दिल्यावर पाच मिनिटांत बाई काळीनिळी पडली. नंतर अकरा दिवस अतिदक्षता विभागात. वाचली ती, पण डाव्या कानानं ऐकू येईनासं झालं, असं मेलमध्ये शेवटी एका ओळीत होतं.

पराग सरांनी मला बोलावलं. ‘ती टेस्ट होती ना आपल्याकडे?’ ते म्हणाले. ‘आपल्याकडे’ म्हणाले. ‘ती आजच्या आज चालू कर. आणि खिडकी दुरुस्त कर.’

मी दुरुस्त केली. सारखी माणसं सापडली तर दोन्ही दाखवायची आणि विचारायचं, यातलं कोण? दीड तास लागला. दीड तासात खिडकी दुरुस्त झाली, टेस्टच्या आधीचा शब्द पुसला आणि दोनशे तेरा हिरव्या झाल्या. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

संस्थेला गेलेल्या पत्रात कारण दिलं होतं की खिडकीवरच्या कर्मचाऱ्यानं पेपर उघडल्यावर खातरजमा केली नाही. तांत्रिक भाग मी लिहिला. ते वाक्य मी लिहिलं नव्हतं, पण पत्र पाठवायच्या आधी मी ते पूर्ण वाचलं होतं, आणि मूग गिळून बसले. एकदा सवय लागली की जड जात नाही.

त्या रविवारी मी विमलताईंना शोधत सातपूरला गेले. कॉलनीच्या कोपऱ्यावर ऑनलाइन फॉर्म भरून देणारं एक दुकान होतं, झेरॉक्सही काढून मिळायची. त्या काउंटरमागे बसल्या होत्या. समोर एक बाई आणि तिची मुलगी होती, स्कॉलरशिपचा फॉर्म चालला होता. मला पाहून त्यांनी मान हलवली आणि बाकाकडे बोट केलं. माय-लेकींचं काम संपेपर्यंत मी बसून राहिले.

‘बोल,’ त्या म्हणाल्या.

मी रुग्णालयातल्या त्या बाईचं सगळं सांगितलं. इंजेक्शन, अकरा दिवस, कान. त्या ऐकत होत्या आणि हातानं झेरॉक्सचे कागद सारखे करत होत्या.

‘नाव काय तिचं?’

मला सांगता येईना. मेलमध्ये तिचा केसपेपर नंबर होता. नाव कुठंतरी असणारच, पण मी वाचलं नव्हतं. म्हणजे वाचलं असेल, लक्षात ठेवलं नव्हतं.

‘माहीत नाही, ताई.’

त्यांनी कागद खाली ठेवले. मला वाटलं, आता त्या काहीतरी बोलतील, लागेल असं. मी त्याचीच वाट बघत होते. शिव्या खाऊन घरी जावं, म्हणजे झोप लागेल. शेवटी मीच सुरुवात केली.

‘ताई, त्या दिवशी मिटिंगमध्ये मी नाही म्हणाले. पण टेस्ट होती. ती मी…’

‘वगळली होतीस.’

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

‘तूच शिकवलं होतंस ना,’ त्या म्हणाल्या. ‘पिवळी ओळ दिसली की खाली जाऊन बघायचं. डेमो होता म्हणून मी त्या दिवशी साडेनऊलाच आले होते. म्हटलं, सगळं नीट आहे का बघून घ्यावं. खाली गेले. तुझं नाव होतं.’

‘म्हणजे तुम्हाला आधीच माहीत होतं? मग डॉक्टरांसमोर बोलला का नाहीत? पडदा समोर होता, ताई. नुसतं बोट दाखवायचं होतं.’

‘दाखवलं असतं तर काय झालं असतं, सांग. नाव तुझं. सर म्हणाले असते, मला काही कल्पनाच नव्हती, या पोरीनं केलं. डॉक्टरांसमोर तुझी लाज काढली असती. कच्ची नोकरी होती तुझी. झालं असतं का नाही?’

झालं असतं. अगदी शब्दाशब्दानं तसंच झालं असतं. पाच महिने मी त्यांना टाळत होते आणि त्यांनी मला वाचवलं होतं.

‘ताई, तुम्ही माझ्यासाठी…’

‘नाही.’ त्यांनी मला तिथंच तोडलं. आवाज चढवला नाही, पण असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. ‘तसलं काही मनात घेऊन घरी जाऊ नको. मी काही देवमाणूस नाही. माझ्या घरात चार तोंडं खाणारी होती. तुझ्यासाठी मी कशाला नोकरी घालवू?’

‘मग?’

‘मी वाट बघत होते. सकाळी नाव बघितलं तेव्हा वाटलं, घाबरून केलं असेल पोरीनं, सांगेल मला. मंग मिटिंगमध्ये म्हटलं, आपण तोंड उघडावं, पुढचं ही बोलेल. तुझं तू सांगितलंस तर तुझ्यावर येत नाही, सरांवर येतं. त्यांनी तुला विचारलं, तेव्हा तर मला बरंच वाटलं. म्हटलं झालं, आता सुटलो दोघी.’

त्या दिवशीचा त्यांचा मोकळा झालेला चेहरा माझ्यासमोर आला.

‘चौदा वर्षं खिडकीवर माणसं बघितली,’ त्या म्हणाल्या. ‘कोण खरं सांगतंय, कोण लपवतंय, मला तोंडावरून कळायचं. तुझ्या बाबतीत चुकले. पण तरी आशा सुटत नाही बघ माणसाची. नोटीस मिळाल्यावर सुद्धा वाटायचं, अजून महिना आहे. ही जाऊन सांगेल सरांना, नाहीतर डॉक्टरांना फोन करेल. निदान मला येऊन म्हणेल, ताई, असं असं झालं. रोज सुटायच्या वेळी मी जिन्यात पाच मिनिटं रेंगाळायचे. म्हटलं, चारचौघांत बोलायला लाजत असेल, इथं थांबेल. महिनाभर थांबले मी.’

दुकानात एक माणूस आधार कार्ड हातात घेऊन आला. विमलताईंनी त्याला बसायला सांगितलं आणि कॉम्प्युटर आपल्याकडे वळवला. माझ्याशी त्यांचं बोलणं संपलं होतं.

त्या महिन्यात मी मागच्या जिन्यानं उतरत होते. मला माहीत होतं त्या पुढच्या जिन्यात थांबतात, वरून दिसायचं. एवढं तरी त्यांना सांगून टाकावं असं वाटत होतं. मी नमस्कार केला आणि दुकानातून बाहेर पडले.